टनामागे दोन ग्रॅम

सोन्याचा भाव वाढला की सोन्याच्या खाणीत पैसे घातलेला माणूस खूश होतो, असा लोकांचा समज आहे. २०२५च्या एप्रिलात दहा ग्रॅमचा भाव पहिल्यांदा लाखाला टेकला. त्या दिवशी नव्या पेठेपासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत जो भेटेल तो माझा हात दाबत होता. "मालक, तुमची चांदी झाली की ओ!" मीही मोठ्या मनाने "सिद्धेश्वराची कृपा" म्हणत होतो. प्रत्यक्षात माझ्या शेअरला लोअर सर्किट लागलं होतं. म्हणजे एका दिवसात जेवढं पडायला परवानगी असते तेवढा तो सकाळीच पडून मोकळा झाला होता. विकणाऱ्यांची रांग लागलेली आणि घेणारा एकही नाही. सोनं वर, सोन्याची कंपनी खाली. हे असं का, ते सोलापुरात एकट्या मला ठाऊक होतं, आणि नेमकं मलाच कोणी विचारत नव्हतं.

कंपनीचं नाव सांगत नाही. माझे शेअर्स अजून तिच्यात आहेत. नाव फोडून उगाच भाव कशाला पाडा? खाण दक्षिणेत आहे एवढं सांगतो. तिच्यात सोनं आहे. कागदावर तर भरपूर आहे.

हे प्रकरण घरात आणलं मेहुण्याने. तो सुताची दलाली करतो आणि फावल्या वेळात भविष्य घडवतो. नव्वदच्या दशकात त्याने सागवानाच्या योजनेत पैसे लावले, पुढे इमू पाळायचं ठरवलं. सागवानाचं झाड शेवटपर्यंत कोणी पाहिलं नाही. इमूतून मी वाचलो, पण त्यात माझा शहाणपणा काही नव्हता. आमच्या चाळवजा घरात पक्षी उभा करायला जागाच नव्हती. शेअरला जागा लागत नाही, तिथे मी सापडलो.

"दाजी, सोनं साठ हजारावर गेलंय आणि हा शेअर बघा, वडापावच्या भावात! खाणीचा मालक व्हायचं की सराफाचं गिऱ्हाईक राहायचं, तुम्ही ठरवा."

दुसऱ्या कोणी असा प्रश्न टाकला असता तर मी हसलो असतो. पण मी पेशाने कॉस्टिंगचा माणूस. एका टॉवेल कारखान्यात उभी हयात गेली. सूत किती, रंगाई किती, विणाईची मजुरी, शिलाई, वीज, पॅकिंग, रद्दी माल, सगळं धरून एका टॉवेलला काय पडलं ते पैशापर्यंत सांगतो. सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे; मला नाही, पण मिळायला हरकत नव्हती असं माझं मत. टॉवेल काय आणि सोनं काय, खर्च भागिले नग. मी म्हणालो, "आधी ग्रॅमला काय पडतं ते काढतो, मग बघू."

मग अभ्यास सुरू झाला. अभ्यासाइतकं माणसाला खड्ड्यात घालणारं दुसरं काही नसेल. अज्ञानी माणूस शंभर शेअर घेऊन गप्प बसतो.

पहिला धक्का बसला तो ग्रेडचा. सिनेमात खाणीच्या भिंतीवर सोन्याच्या रेघा चमकतात. खऱ्या खाणीत टनामागे दोन-तीन ग्रॅम सोनं निघालं तरी माणसं त्याला खाण म्हणतात. दहा टायरच्या ट्रकमध्ये सोळा टन दगड भरला, तर दोन ग्रॅमच्या हिशोबाने त्यात बत्तीस ग्रॅम सोनं, म्हणजे पावणेतीन तोळेसुद्धा पुरते नाहीत. तेवढ्यासाठी जमिनीत भोकं पाडायची, सुरुंग लावायचे, खाली साठलेलं पाणी रात्रंदिवस उपसायचं, दगड वर आणायचा, फोडायचा, गिरणीत पोलादी गोळ्यांनी पिठासारखा दळायचा, सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवायचं, ते कोळशावर धरायचं, तिथून सोडवायचं आणि शेवटी वितळवायचं. आणि उरलेला जवळजवळ सोळा टन विषारी गाळ आयुष्यभर सांभाळायचा. आमच्या शेठना मी म्हणालो असतो की टनभर सुतातून दोन ग्रॅम टॉवेल निघेल, तर त्यांनी मला त्याच सुताने बांधलं असतं.

दुसरा धक्का खर्च सांगण्याच्या पद्धतीचा. पूर्वी या कंपन्या 'कॅश कॉस्ट' म्हणून एक आकडा तोंडावर फेकायच्या. त्यात खणणं-दळणं यायचं. पण खाण चालू ठेवायला पुढचे बोगदे खणावे लागतात, यंत्रं बदलावी लागतात, मुख्य ऑफिसातल्या साहेबांना पगार द्यावा लागतो, ते बरंचसं बाहेर. शेवटी २०१३ साली वर्ल्ड गोल्ड कौन्सिलने 'ऑल-इन सस्टेनिंग कॉस्ट' नावाचं माप काढलं. म्हणजे आमच्या खात्यात जे पोरगा लागला त्या दिवसापासून शिकवतात, ते सोन्याच्या धंद्याला एकविसाव्या शतकात समजलं. मला या लोकांची दया आली. दया आली की माणूस गुंतवणूक करतो.

इथवर ठीक होतं. मग मी मेहुण्याच्या त्या खाण-कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर उगवता सूर्य. खर्चाचं पान मी सराईतासारखं उतरवून काढलं: ड्रिलिंग, नमुन्यांची तपासणी, सल्लागारांची फी, संचालकांचा सभाभत्ता, प्रवास. बेरीज झाली. आता खाली किती ग्रॅम ते घ्यायचं. पान उलटलं, आणखी उलटलं, मागून पुढे आलो. उत्पादन नव्हतंच. कंपनी अजून शोधत होती. एक्सेलमध्ये मी बेरजेला शून्याने भागलं, तेव्हा त्या चौकटीत आकड्याऐवजी एक वैतागलेली पाटी उमटली. तीस वर्षांत टॉवेलने मला ती पाटी कधी दाखवली नव्हती.

इथे शहाणा माणूस थांबला असता. मला मात्र त्या पाटीत तत्त्वज्ञान दिसलं. पिअर लासोंद नावाच्या खाणउद्योगातल्या बड्या माणसाने एक वक्ररेषा काढून ठेवली आहे. सोनं सापडल्याची बातमी येते तेव्हा शेअर उंच चढतो. मग खाण बांधायची, कर्ज काढायचं, परवाने मिळवायचे अशी रुक्ष वर्षं येतात आणि तो घसरतो. उत्पादन तोंडावर आलं की पुन्हा चढतो. मी त्याचा सोलापुरी अर्थ लावला. लग्न ठरण्याआधी मुलाचा पगार कितीही असू शकतो. एकदा सोनं निघालं की ग्रॅमला काय पडलं ते जगाला कळतं. जोवर निघत नाही तोवर विश्वासाला धक्का लावायला पुरावाच नाही. मी शेअर्स घेतले. किती, ते बायको हा लेख वाचणार असल्याने सोडून देतो.

एकटा घेऊन बसलो असतो तर निभावलं असतं. पण अभ्यास पोटात राहीना. साडूला सांगितलं, त्याने घेतले. कारखान्यातल्या फिटरने घेतले. अक्कलकोटच्या मावशींनी भिशीचे पैसे नातवाच्या हाती दिले आणि पन्नास शेअर घ्यायला लावले. "सोन्याचंच आहे ना रे? मग घे," एवढीच त्यांची चौकशी. बघता बघता मी एका छोट्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर झालो. भाव पडला की ही सगळी मंडळी संध्याकाळी घरी येत. त्यांचा विश्वास टिकवण्याचा खर्च, म्हणजे चहा, पोहे, कडक भाकरी, शेंगाचटणी, हा मी कुठल्याच तक्त्यात धरला नव्हता.

विश्वासासाठी माझ्याकडे एक हुकमी गोष्ट होती, कोलारची. १८८०च्या सुमारास लंडनमध्ये दक्षिण भारतातल्या सोन्याचं वेड लागलं होतं. वायनाडच्या नावावर कंपन्यांमागून कंपन्या निघाल्या आणि बुडाल्या. कोलारची मैसूर कंपनीही त्याच वाटेने चालली होती. हाताशी फक्त १३ हजार पौंड उरले. भागधारक म्हणाले, गुंडाळा आणि उरलेले पैसे वाटून द्या. व्यवस्थापक जॉन टेलर म्हणाला, अजून थोडं खणू. कॅप्टन प्लमर म्हणून खाणीवरचा माणूस होता. त्याने जुन्या लोकांनी खणून सोडलेल्या खड्ड्यांच्या खाली जाऊन बघितलं, आणि चॅम्पियन रीफ लागली. सुरुवातीला टनाला चाळीस ग्रॅमच्या वर सोनं! १९०२मध्ये तर त्या खाणीसाठी कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावरून वीज आणली.

ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शेअर पडला की कोणी ना कोणी नुसतं "१३ हजार पौंड" एवढंच लिहायचं आणि बाकीचे हात जोडायचे. गोष्टीचा उत्तरार्ध मी सांगत नसे. तीच खाण खणत खणत तीन किलोमीटरहून खोल गेली. दगडातलं सोनं बोटांवर मोजण्याइतक्या ग्रॅमवर आलं. एवढ्या खोल हवा पोचवायची, पाणी उपसायचं, माणसं उतरवायची, त्यात सोन्याच्या विक्रीपेक्षा ते काढण्याचा खर्च मोठा झाला आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी सरकारी कंपनीने खाण बंद केली. तळाशी अजून सोनं आहे म्हणतात. असेलही. सोनं संपल्यामुळे खाण बंद होत नाही, हे मला तोवर कळून चुकलं होतं. पण पोहे खाणाऱ्या माणसाला एवढं सगळं सांगू नये.

मंडळींचा विश्वास हलवला तो आमच्या गल्लीतल्या निवृत्त इतिहास-शिक्षकांनी. ते एके संध्याकाळी चहाच्या आशेने आले आणि बसल्या बसल्या माझी गंगाजळी बुडवून गेले. "नळदुर्गाकडे निजामाचं राज्य होतं, हे माहीत आहे ना? तिथे १८८६ साली काय झालं ऐका." लंडनमध्ये हैदराबाद डेक्कन कंपनी निघाली. निजामाच्या मुलखातल्या खाणींचा मक्ता तिच्याकडे. भांडवल दहा लाख पौंड, दहा पौंडांचे एक लाख शेअर. त्यातले ८५ हजार शेअर मक्तेदारांनी एक छदामही न भरता पूर्ण भरलेले म्हणून स्वतःकडे ठेवले. लोकांना विकले फक्त १५ हजार. आणि निजामाचा बडा अधिकारी अब्दुल हक याने निजाम सरकारलाच दहाचा शेअर बारा पौंडांना घ्यायला लावला. १८८८मध्ये ब्रिटिश पार्लमेंटची चौकशी समिती बसली. "गुंतवणूकदाराचा विश्वास म्हणजे काय, तर हा," गुरुजी बशीत चहा ओतत म्हणाले. साडू कावराबावरा झाला. "पण मग खाणीत काही निघालं का?" "निघालं की. सिंगरेणीचा कोळसा. अजून निघतोय."

मी बाजू सावरायला रायचूरकडे वळलो. हट्टीची खाण आपल्याच लोहमार्गावर, रायचूरला उतरून पुढे जायचं. कर्नाटक सरकारची कंपनी आजही तिथे सोनं काढते. आणि तिथल्या जुन्या खड्ड्यांत सापडलेल्या लाकडाची तपासणी केली तर ते जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचं निघालं! दगड आगीने तापवायचा, पाणी ओतून तडकवायचा, असे ते लोक शेकडो फूट खाली गेले. गुरुजींनी मान डोलावली. "त्याच भागात १९१५ साली बीडन नावाचा एक खाण-इंजिनिअर सोनं शोधत मस्कीला गेला होता. त्याला काय सापडलं माहितीये? अशोकाचा शिलालेख. अशोक हे नाव असलेला." फिटरने विचारलं, "मग त्याच्या शेअरचा भाव वाढला का?"

त्या रात्री माझ्या ध्यानात आलं की आता विश्वास नुसत्या पोह्यांवर टिकणार नाही. सप्टेंबरात कंपनीची वार्षिक सभा होती. हल्ली ती व्हिडिओवर असते आणि आधी ईमेल करून नाव नोंदवलं तर भागधारकाला बोलताही येतं. मी नाव नोंदवलं. ग्रुपवर जाहीर केलं, "ग्रॅमला काय पडणार आहे, ते चेअरमनच्या तोंडून वदवून घेतो."

घरचं इंटरनेट भरवशाचं नाही म्हणून कारखान्याच्या ऑफिसात लॅपटॉप मांडला. मेहुणा, साडू, फिटर मागे खुर्च्या टाकून बसले. मावशींचा नातू गरम भजी घेऊन आला. सभा सुरू झाली आणि एकेक भागधारक बोलू लागला. कोलकात्याचे एक गृहस्थ कंपनीच्या सेक्रेटेरियल खात्याची स्तुती करून थांबले. मुंबईचे एक म्हणाले, अहवाल वेळेवर मिळाला, छपाई सुंदर, पुढच्या वर्षी खाण दाखवायला न्या. हैदराबादच्या बाईंनी चेअरमनना दीर्घायुष्य चिंतिलं आणि सेक्रेटेरियल खात्याची स्तुती केली. सोन्याचं नाव अजून कोणी काढलं नव्हतं. मागून साडू म्हणाला, "ह्यांना कळतच नाही बे. आता दाजी बघा."

माझं नाव पुकारलं. मी माइक उघडला आणि पलीकडच्या शेडमधल्या मागांची खटखट अख्ख्या सभेत घुसली. "सर, आपकी तरफ से मशीन की आवाज़ आ रही है," निवेदिका म्हणाली. मी लॅपटॉप उचलून पळत स्टोअरमध्ये गेलो. चारी बाजूंनी छतापर्यंत रिजेक्ट टॉवेलचे गठ्ठे. आवाज जागीच मेला. मात्र मागच्या मंडळींनाही आत यायचं होतं, त्यामुळे पडद्यावर माझ्या खांद्यामागे गुलाबी टॉवेल आणि त्यांच्या फटीतून भजी चावणारं साडूचं तोंड, असं दृश्य देशभरातल्या भागधारकांनी पाहिलं.

प्रश्न मी कॉस्टिंग शीटवर तीन भागांत लिहून आणला होता. कंपनी जो रिसोर्स दाखवते त्यातला रिझर्व्ह किती? रिसोर्स म्हणजे जमिनीत इतकं असावं असा अंदाज; रिझर्व्ह म्हणजे त्यातलं जे फायद्यात काढता येईल तेवढंच. दुसरं, ऑल-इन खर्च ग्रॅमला किती धरला आहे? तिसरं, पहिला ग्रॅम कधी? माझ्या सोलापुरी हिंदीत तिन्ही व्यवस्थित विचारले. सभेत शांतता पसरली. मागून मेहुण्याने पाठीवर थाप मारली, ती माइकमध्ये सुरुंगासारखी वाजली.

चेअरमन हसले. मृदू, घरातल्या मोठ्या माणसासारखे. म्हणाले, प्रश्न फार मूलभूत आहे, असे जाणकार भागधारक हीच कंपनीची ताकद. मग ते इंग्रजीत बोलू लागले. भूगर्भाची रचना, दीर्घ पल्ला, देशाची सोन्याची आयात, जगातली अनिश्चितता, 'अपसाइड', 'कन्व्हिक्शन'. आवाज असा की ऐकत राहावं. किती वेळ बोलले कोण जाणे, भजी संपली होती. आकडा एकही आला नाही. "आय होप दॅट आन्सर्स युवर क्वेश्चन, सर?"

तीस वर्षं सूतवाल्यांना, रंगवाल्यांना, ट्रान्सपोर्टवाल्यांना "ते सगळं ठीक, भाव सांगा" म्हणत आलेला मी. तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "थँक यू सर. आपका सेक्रेटेरियल डिपार्टमेंट बहुत अच्छा है."

गंमत पुढेच आहे. नंतरच्या आठवड्यात शेअरला सलग अप्पर सर्किट लागली. कारण काय, ते बाजारात कोणालाच माहीत नव्हतं. कंपनीनेही एक्सचेंजला तसंच कळवलं. आमच्या ग्रुपवर मात्र खात्री होती. "दाजींनी चेअरमनला झापलं." फिटरने पेढे वाटले. मी कॉस्टिंगचा माणूस, मला ठाऊक होतं की ग्रॅम अजून शून्यच आहेत. पण पेढा नाकारणं बरं दिसलं नसतं. विकावे असं मनात आलं होतं, नाही असं नाही. पण ज्याच्या विश्वासावर दहा घरं बसली आहेत त्याने आधी कसं विकायचं? मेहुण्याला तो प्रश्न पडला नाही. त्याने मधल्या मधे विकून मोपेड घेतली.

मग सर्किट उलट्या दिशेला लागू लागली आणि सोन्याने लाख गाठला तेव्हा आम्ही कुठे होतो ते वर सांगितलंच आहे. त्याच सुमारास आखाती ऑर्डरच्या टॉवेलला काय पडेल असं शेठनी विचारलं, तर मी त्यांना सुताच्या बाजारातली अनिश्चितता आणि दीर्घ पल्ला यांवर बराच वेळ समजावलं. शेठ चष्म्यावरून बघत राहिले आणि म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?"

आता कंपनीने राइट्स इश्यू काढलाय. जुन्या भागधारकांनी ठरलेल्या प्रमाणात आणखी शेअर घ्यायचे, म्हणजे आणखी पैसे द्यायचे. पैसे कशाला हवेत, तर आणखी भोकं पाडायला. साडू पत्र घेऊन आला, मी "मैसूर कंपनीकडे फक्त..." म्हणताच चप्पल घालून निघून गेला. फिटर फोन उचलत नाही. गुरुजी चहाला येतात, हसत नाहीत, हेच उपकार.

अक्कलकोटहून मावशींचा फोन आला. नातवाने त्यांना पत्र वाचून दाखवलं होतं.

"आणखी पैसे मागतायत म्हणे?"

"हो मावशी. पण घ्यायलाच पाहिजे असं नाही. तुम्ही राहू द्या."

"राहू द्या कसं? खणायला माणसं लावायची तर पैसे लागणारच. शेतात विहीर काढली तेव्हा ह्यांनी नाही का पुन्हा पुन्हा दिले? माझे भर तू." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "नातीचं लग्न वैशाखात आहे. तोवर निघेल ना रे बाहेर?"

"मावशी, ते सोनं आपल्याला घरी आणून देत नाहीत..."

"बरं बरं, आपण जाऊन आणू. तेवढं त्यांना आधी सांगून ठेव, बिलवरच करा म्हणावं. तोडे हल्लीच्या पोरी घालत नाहीत."